किटलीतलं अळणी

आमच्या पेठेत कुणाचं हाड मोडलं की त्याला अळणी पाजायचे. कोल्हापूरबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवं: मटण शिजताना, त्यात तिखट पडायच्या आधी, जे पाणी काढून घेतात ते अळणी. आलं, लसूण, हळद आणि मीठ, एवढंच त्यात. नाव अळणी असलं तरी मीठ असतंच. घरात लहान मूल असेल, बाळंतीण असेल, कुणी तापातून उठलं असेल तर पहिली वाटी त्याची. हाड मोडलेल्या माणसासाठी मात्र ते बोकडाच्या पायांचं करायचं, चुलीवर तासनतास ठेवून, थेंब बोटाला चिकटेपर्यंत. त्यानं हाड लवकर धरतं असं आमच्या आया मानायच्या, आणि आया मानतात म्हणून आम्हीही.

मी विशीत होतो, नव्वदनंतरची ती पहिली काही वर्षं. आमच्या तालमीत ही गोष्ट कायद्यासारखी पाळली जायची. एखाद्या पोराचा हात मोडला की पेठेतल्या बायका आपापसात वार वाटून घ्यायच्या. ज्या घरची पाळी त्या घरातून किटली निघायची आणि आमच्यातलं कुणीतरी ती सायकलच्या हँडलला अडकवून दवाखान्यात पोचवायचं. या पद्धतीत वाईट काही नव्हतं, हे आधीच लिहून ठेवतो. वाईट जे झालं ते मी केलं.

उसाचा हंगाम चालू होता. आमच्यातल्या एकाची कुस्तीत नडगी मोडली होती आणि तो सरकारी दवाखान्यात पडून होता. त्याला भेटायला आम्ही रोज टोळीनं जायचो. टोळीत पुढं असायचा आमच्यातला थोरला, ज्याला सगळे दादा म्हणायचे. त्याच्या घरी म्हशी होत्या. संध्याकाळी तो म्हशी घेऊन दुधाच्या कट्ट्यावर उभा राहायचा आणि गिऱ्हाइकासमोर धार काढून फेसाचा ग्लास हातात द्यायचा. आवाज असा की वॉर्डात हळू बोल म्हटलं तर ‘हळूच बोलतोय की’ हे तो इतक्या जोरात म्हणायचा की पलीकडच्या वॉर्डातली सिस्टर डोकावून जायची.

आमच्या दोस्ताच्या शेजारच्या कॉटवर आमच्याच वयाचा एक मुलगा होता. शिरोळकडचा. उसाची ट्रॉली उलटली आणि तो ट्रॅक्टरखाली सापडला. मांडीचं हाड मोडलं होतं, बरगड्या दुखावल्या होत्या. पाय वर टांगून त्याला विटांचं वजन लावलं होतं. डोळे मिटून पडलेला असायचा, तापात काहीतरी पुटपुटायचा. त्याच्याजवळ फक्त त्याची आई होती. नवरा आधीच गेलेला. बरोबर आलेले भाऊबंद ऊसतोड थांबवता येत नाही म्हणून परत गेले होते.

त्याला रक्त लागणार आहे असं कळलं तेव्हा दादानं आमच्याकडं बघितलं आणि बाही वर केली. विचारणं वगैरे नाही. आमच्यातल्या तिघाचौघांनी रक्त दिलं. एकजण सुई बघून भोवळ येऊन बसला. तो तालमीतला सगळ्यात दांडगा गडी, त्यामुळं त्याला पुढं वर्षभर त्यावरून चिडवलं. ते दिवस आठवले की हा भाग मला स्वच्छ वाटतो. कोण कुठला मुलगा, त्याचं गाव आम्ही बघितलेलं नव्हतं, आणि तरी पोरं रांगेत उभी राहिली.

त्याची आई काही खात नव्हती. म्हणजे आमच्या समोर तरी. घरून आणलेली कडक भाकरी ती पाण्यात बुडवून, भिंतीकडं तोंड करून खायची. आमच्या दोस्ताला आलेल्या डब्यातलं काही पुढं केलं तर हात जोडून नको म्हणायची. दवाखान्यातलं जेवणही घेत नव्हती. पोरांनी त्याचा अर्थ त्यांच्या पद्धतीनं लावला. दादा म्हणाला, म्हातारी लाजते आहे. आणि आमच्या गावात पाहुण्याचं लाजणं मोडायची एकच रीत आहे, ती म्हणजे आग्रह. बुधवार हा मटणाचा वार. दादा दोन किटल्या घेऊन आला. एक आमच्या दोस्ताची. दुसरी त्यानं शेजारच्या कॉटच्या लोखंडी टेबलावर ठेवली, झाकण काढलं आणि त्या मुलाला म्हणाला, “पावणं, गरम हाय तवर प्या. पंधरा दिसात पळतासा का न्हाय बघा.”

मुलाला ऐकू आलं की नाही कोण जाणे. आईला मराठी जेमतेमच कळायचं; तिची भाषा कन्नड. ती किटलीकडं बघत राहिली, मग आमच्याकडं.

माझं आजोळ सीमेवरचं. लहानपणच्या सगळ्या सुट्ट्या तिकडं गेल्या, त्यामुळं कन्नड मला घरच्यासारखी येते. पोरांना ते माहीत होतं. दादानं मला पुढं ढकललं. मी तिला कन्नडमध्ये म्हटलं, अव्वा, घे, ही सगळी आपलीच पोरं आहेत. माझ्या तोंडून तिची भाषा ऐकली आणि तिनं माझं मनगट धरलं. इतके दिवस त्या मोठ्या वॉर्डात तिच्याशी तिच्या भाषेत कुणी बोललं नसावं. तिचा चेहरा बदलला तो मला आत्ताही दिसतो.

ती वाटी घ्यायला वाकली तेव्हा तिच्या कपाळावरचं विभूतीचं बोट मी जवळून बघितलं. गळ्यातल्या दोऱ्यात चांदीची छोटी डबी होती, ती पदराबाहेर आली. तिनं ती लगेच आत घेतली. त्या डबीत काय असतं ते मला ठाऊक होतं. आजोळी आमच्या शेजारी अशीच एक लिंगायत अज्जी होती. सकाळी ते लिंग तळहातावर घेऊन पूजा केल्याशिवाय ती पाणीही प्यायची नाही. आम्ही पोरं तिच्या घरी पोटभर जेवायचो; ती आमच्या घरी कधी घोटभर चहाही घ्यायची नाही, आमच्या भांड्यांत मांस-मासळी शिजते म्हणून. कुणाला त्याचं वाईट वाटत नव्हतं. तिचं तिला आणि आमचं आम्हाला.

म्हणजे मला माहीत होतं. त्या वॉर्डात फक्त मलाच माहीत होतं.

तिनं विचारलं, “इदेन तम्मा?” हे काय आहे रे, बाळा?

मी म्हणालो, “हुरळी कट्ट, अव्वा.” हुलग्याचं कढण.

का म्हणालो, याचं उत्तर मी अनेक वर्षं वेगवेगळं देत आलो. कधी स्वतःला सांगितलं, मुलगा वाचायला हवा होता. ते खोटं आहे. डॉक्टरांनी रक्त मागितलं होतं, ते मिळालं होतं. अळणीवाचून कुणी मरत नव्हतं. खरं असं की दादा किटली घेऊन आला होता, पोरं कौतुकानं बघत होती, ती बाई माझं मनगट धरून होती, आणि त्या सगळ्यात मला नाही म्हणायचं नव्हतं. चांगलं काम आधीच झालेलं आहे आणि मी ते बिघडवणारा होईन, असं मला वाटलं. एवढंच होतं ते.

तिनं वास घेतला. वास वेगळा आहे म्हणाली. मी म्हणालो, कोल्हापूरची पद्धत, आलं-लसूण जास्त असतं. तिनं मान हलवली. मुलाचं डोकं मांडीवर घेऊन तिनं त्याला चमच्या-चमच्यानं ते सगळं पाजलं. तळाशी उरलेलं, पोराचं उष्टं वाया कसं घालवायचं, म्हणून वाटी तोंडाला लावून ती स्वतः प्यायली.

दादानं मला विचारलं, काय म्हणत होती रे? मी सांगितलं, गरम आहे का विचारत होती. म्हणजे त्या एका मिनिटात मी दोन्हीकडं खोटं बोललो. तिला तिचं पाळायचं पाळू दिलं नाही, आणि माझ्या मित्रांनी मनापासून आणलेली गोष्ट त्यांच्या नकळत वेगळीच करून टाकली.

पुढं ते रोजचंच झालं. किटल्या दोन यायला लागल्या. पेठेतल्या बायका म्हणायच्या, त्या शिरोळच्या पोराचंही असू दे. कुणी त्याची जात विचारली नाही, गाव विचारलं नाही, आणि आज मला वाटतं, एक गोष्ट तरी विचारायला हवी होती. पण विचारण्याचं काम माझं होतं. मी रोज ठरवायचो की उद्या माझ्या आईला खरोखर हुलग्याचं करायला सांगेन आणि किटली बदलेन. रोज कुठली तरी अडचण यायची. एकदा केलेली लबाडी बदलायची तर ती आधी आईला सांगावी लागली असती.

मुलाचा ताप उतरला. तो उठून बसायला लागला आणि मग कळलं की तो मराठी चांगली बोलतो आणि तोंडाचा तिखट आहे. दादाला म्हणाला, “तुमचं रक्त घातल्यापास्नं माझा आवाज वाढलाय, सिस्टर वरडत्यात मला.” दादा खूश. मुलगा दुपार झाली की दाराकडं डोळे लावायचा, आईला विचारायचा, ते कढण आलं का. पोरं नुसतं ‘किटली आली’ म्हणायची, म्हणून त्यालाही काही कळलं नाही. आई माझ्याकडं बघून हसायची. तिच्या हिशेबी तिच्या पोराला त्या कढणानं उठवलं होतं.

घरी जायच्या दिवशी तिनं आमच्यातल्या प्रत्येकाच्या तोंडावरून दोन्ही हात फिरवले आणि स्वतःच्या कानशिलावर बोटं कडाकडा मोडली. माझ्या वेळी ती जास्त वेळ थांबली. म्हणाली, तू माझा थोरला.

मला वाटलं होतं, संपलं. ती गावी जाईल, आम्ही इथं, आणि माझ्याशिवाय कुणाला कधी काही कळणार नाही.

पण ती यायला लागली. दरवर्षी सुगी झाली की अंबाबाईच्या दर्शनाला यायची आणि तिथून चालत तालमीपाशी. तालमीत बायका येत नाहीत, म्हणून बाहेरच्या पायरीवर बसायची. फडक्यात शेंगापोळ्यांची चळत, वर शेंगाचटणी. तालमीतली पोरं अंगाला माती लागलेली असायची तशीच बाहेर यायची आणि त्या पोळ्या उभ्याउभ्या संपवायची. ती प्रत्येकाला चौकशी करून वाढायची. मुलगा बरोबर असायचा. थोडा लंगडायचा, पण पुन्हा ट्रॅक्टर चालवत होता.

पहिल्याच वर्षी तिनं पायरीवर बसून विचारलं, ते कढण कसं करतात ते सांगा. घरी करून बघितलं, तशी चव येत नाही. गावात एक बाळंतीण अशक्त आहे, तिला द्यायचं आहे.

मुलानं ते मराठीत सांगितलं. दादानं लगेच तोंड उघडलं, “त्यात काय अवघड हाय? आमची आई पायाचं—”

मी त्याला मध्येच तोडलं. म्हणालो, तू थांब, तुला स्वयंपाकातलं काय कळतं. पोरं हसली. दादा म्हणाला, खरं हाय बाबा, मला म्हस तेवढी कळती. आणि मी तिच्याकडं वळून कन्नडमध्ये तिला कृती सांगितली: हुलगे रात्री भिजत घालायचे, चांगले मऊ होईपर्यंत शिजवायचे, पाणी निथळून घ्यायचं, त्याला लसणाची फोडणी द्यायची. मिरी जास्त घाल, आलं ठेचून घाल. मुलगाही ऐकत होता. माझ्या आईची कृती होती ती, हुलग्याच्या कढणाची, आणि कृती म्हणून खरी होती. तिनं मन लावून ऐकली. एकदा परत म्हणून दाखवली, काही चुकत नाही ना म्हणून.

दुसऱ्या वर्षी येऊन म्हणाली, आता जवळ आलंय, पण अजून काहीतरी राहतंय. मी म्हणालो, लसूण वाढव.

अशी काही वर्षं गेली. माझं लग्न झालं, उद्यमनगरात एका कारखान्याच्या कचेरीत नोकरी लागली, तालमीत जाणं कमी झालं. पण तिच्या येण्याच्या सुमारास मी हटकून तिथं असायचो. मी तिथं नसताना तिनं तेच कुणाला तरी विचारलं तर, ही भीती. लोकांना वाटायचं, केवढी माया. तिच्या गावात, मुलगा सांगायचा, ते कढण आता तिचंच म्हणून प्रसिद्ध झालं होतं. कुणी आजारी पडलं की तिच्याकडं निरोप यायचा. ती चूल पेटवायची आणि वाटी देताना सांगायची, कोल्हापूरच्या पोरांनी माझ्या लेकाला हे पाजून उठवलं.

एकदा संध्याकाळी कट्ट्यावर मी हे दादाला सांगून टाकलं. तो म्हशीखाली बसून धार काढत होता. सगळं ऐकेपर्यंत त्याचे हात थांबले नाहीत. मग त्यानं चरवी बाजूला ठेवली, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला हळू बोलताना ऐकलं.

“अरं लेका, तवाच सांगायचं न्हाय व्हय? म्हस हितंच हुती की. दूध आणलं असतं.”

मी इतकी वर्षं त्या मिनिटाला किती अवघड समजत होतो. दवाखान्यापासून कट्टा जवळच. एक शब्द बोललो असतो तर दादानं शिवी घालून किटली उचलली असती, सायकलवर टांग टाकली असती आणि फेस बसायच्या आत दूध घेऊन आला असता. तिनंही ते कदाचित आनंदानं घेतलं असतं. माझ्या मित्रांचा चांगुलपणा इतका कच्चा नव्हता की एका नकारानं तुटेल. मीच त्याला तसा समजलो.

दादा शेवटी एवढंच म्हणाला की आता तिला सांग, नाहीतर निदान माझ्यासमोर तिच्या पोळ्या खाऊ नको. त्या वर्षी मी पायरीवर गेलो नाही. कामाचं निमित्त केलं.

मग तो मोठा पूर आला. कृष्णा आणि पंचगंगा दोन्ही फुगल्या आणि शिरोळची गावंच्या गावं पाण्यात गेली. वाट सुरू झाल्यावर तालमीतल्या नव्या पोरांनी टेम्पो भरला: चटया, कपडे, बिस्किटं, दुधाचे कॅन. ही पोरं माझ्यापेक्षा दहा-पंधरा वर्षांनी लहान. दवाखान्यातली हकिकत त्यांना ऐकून माहीत असलेली, तालमीचा मोठेपणा म्हणून. तिकडं कन्नड बोलणारी माणसं भेटतील म्हणून दादानं मला त्यांच्याबरोबर बसवलं.

जयसिंगपूरच्या अलीकडं एका शाळेत गावं आणून ठेवली होती. वर्गावर्गांत संसार मांडलेले, बाकांवर गाठोडी, मैदानात बांधलेल्या म्हशी. आमच्यातला एक पोरगा, मिसरूडही धड न फुटलेला, टेम्पोच्या फाळक्यावर उभा राहिला आणि ओरडला, “मावशी, मामा, आधी सांगा, कुणाला काय चालतंय आन काय न्हाय. आमच्या एका डब्यात अंडी हायती. न चालणाऱ्यांनी हिकडच्या बाजूला या, हिकडं सगळं दुधाचं हाय.”

इतकंच. त्याला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं. माणसं हसत हसत दोन बाजूंना झाली.

आणि त्या दुधाच्या बाजूच्या पलीकडं, शाळेच्या ओसरीला, तीन दगडांच्या चुलीपुढं ती बसलेली मला दिसली. मोठं पातेलं चढवलं होतं. कुणीतरी हुलग्याचं पोतं दिलं होतं म्हणे, आणि शाळेत तापानं फणफणलेली बरीच मुलं होती. तिनं मला बघितलं, उठली, माझं मनगट धरून मला बायकांपुढं उभं केलं आणि सांगितलं, हाच तो. ह्यानंच मला हे शिकवलं.

मी म्हणालो, अव्वा, जरा तिकडं चल.

शाळेच्या मागं पाण्याचा नळ होता. तिथं मी तिला सांगितलं. कन्नडमध्येच, कारण त्याच भाषेत मी तिला फसवलं होतं. किटलीत काय होतं ते सांगितलं, मला माहीत होतं हे सांगितलं, रोज काय होतं तेही सांगितलं. मला वाटत होतं ती ओरडेल. ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं; कदाचित त्यासाठीच मी सांगत होतो.

तिचा हात गळ्याशी गेला. पदरावरून तिनं ती डबी चाचपली आणि मग हात काढून घेतला, जणू हात लावायलाही ती आता धजत नव्हती. नळ ठिबकत होता. तिनं विचारलं, “त्या पोरांना माहीत होतं?”

“नाही. मला एकट्याला.”

“माझ्या पोराला?”

“नाही.”

“त्याला सांगू नको,” ती म्हणाली. “माझ्याजवळ राहू दे.”

एवढंच ती बोलली. त्या वाक्यानं माझ्या लक्षात आलं की मी काय केलं. इतकी वर्षं जे माझ्याजवळ होतं ते मी तिच्या हातात देऊन मोकळा झालो होतो, आणि तेही तिचं घर पाण्यात असताना. दादा म्हणाला होता सांग. पण कधी, कुठं, हे मी ठरवलं होतं. नव्या पोराच्या साध्या प्रश्नानं मला लाज वाटली आणि ती लाज मला तिथंच, त्याच वेळी उतरवून टाकायची होती. दवाखान्यात मी माझ्या सोयीनं खोटं बोललो होतो. शाळेमागं मी माझ्या सोयीनं खरं बोललो.

ती चुलीपाशी परत गेली. मुलांच्या आया वाट्या घेऊन थांबल्या होत्या. तिनं पळी उचलली, क्षणभर पातेल्यात बघितलं, आणि पळी माझ्या हातात दिली. म्हणाली, तू वाढ. आणि भिंतीला टेकून बसली, पदर गळ्याभोवती घट्ट ओढून. बायका म्हणाल्या, अव्वा, तुझ्या हातचं दे की, दमलीस काय? तिनं मान हलवली.

मी वाढत राहिलो. एक बाई, कडेवर तापलेलं मूल, वाटी पुढं करून मला म्हणाली, “कशाचं हाय हे, पावणं?”

“हुलग्याचं,” मी म्हणालो. माझ्या तोंडून हा शब्द त्या प्रश्नाला पहिल्यांदाच खरा निघाला होता, आणि पलीकडं भिंतीशी बसलेल्या तिला तो ऐकू गेला.

त्यानंतर ती कोल्हापूरला आली नाही. पहिल्या वर्षी आम्ही समजलो, पुरानं घर पडलंय, बांधकाम असेल. पुढच्या वर्षी मुलगा एकटाच आला. पायरीवर फडकं सोडलं. पोळ्या त्याच्या बायकोनं केल्या होत्या. दादानं त्याला कट्ट्यावर नेलं, दुधाचा ग्लास हातात दिला. मी बाजूला उभा होतो. दादा माझ्याकडं बघत नव्हता.

मुलगा सांगू लागला, आईनं ते कढण करायचं सोडलंय. गावात कुणी आजारी पडलं की लोक येतात, ती सांगते, विसरले. विसरली कशी असेल? एकच वेळ जेवते. सकाळी पूजेला बसली की उठतच नाही. मठातल्या स्वामींकडं जाऊन काय बोलून आली, तेही सांगत नाही. डॉक्टरला दाखवलं, त्यांना काही सापडलं नाही. विचारलं तर म्हणते, मला कुठं काय झालंय.

मग त्यानं ग्लास खाली ठेवला आणि मला म्हणाला, “दादा हायतच, पर ती तुम्हाला थोरला म्हणती. तुम्ही एकदा येऊन इचारून बघा. तुमचा शब्द ती मोडायची न्हाय.”

त्याच्या ओठावर दुधाचा फेस राहिला होता. तो पुसायचंही त्याच्या ध्यानात नव्हतं, इतका तो माझ्या तोंडाकडं बघत होता.

मी म्हणालो, बघतो. येतो एकदा.

गेलो नाही. तिनं सांगू नको म्हटलं होतं, तेवढं एक मी पाळलं आहे.